दारावरचा खडू



या दिवाळीला घर रंगवायला काढाल तेव्हा दाराच्या चौकटीकडे एकदा निरखून बघा. घर जुनं असेल तर चौकटीशेजारी खडूनं काढलेला ‘पी’ सापडेल आणि जवळच तारीख. पल्स पोलिओचा रविवार उरकला की पुढचे काही दिवस जी माणसं घरोघर फिरायची, त्यांचं ते काम. ‘पी’ म्हणजे या घरातल्या सगळ्या पोरांना डोस मिळाला. ‘एक्स’ असेल तर कुणीतरी राहिलंय, परत यायचं. वयस्क मंडळींना त्याही आधीचं आठवत असेल. हिवतापवाला पंधरा दिवसांनी यायचा, ताप कुणाला आहे का विचारायचा, भिंतीवरच्या चौकटीत तारीख टाकायचा आणि पुढच्या घरी जायचा. त्याच्याही आधी देवी डॉक्टर.

भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला. त्यात त्या खडूचा वाटा मोठा आहे, तेव्हा मी खडूची थट्टा करायला उभा राहिलेलो नाही. फक्त एवढंच दाखवतो, की हा खडू नेहमी दाराच्या बाहेरच्या अंगाला असतो. लिहिणारा उंबऱ्याबाहेर थांबतो, एका आजाराचं विचारतो, खूण करतो, निघतो. सत्तर वर्षं आमचं खातं तुमच्या दाराशी असंच येत राहिलं. उंबऱ्याच्या आत कसं यायचं, आणि एकट्यानं न येता चारजणांनी मिळून कसं यायचं, हा आजचा माझा विषय.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार माझ्यापेक्षा तुमचा मोठा आहे. घरी आलेल्याला ते आधी पाणी विचारत आणि मग काम, एवढं मी ऐकून आहे. आजच्या विषयाला तेवढं पुरेसं आहे.

मी या सोलापूर जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत वैद्यकीय अधिकारी म्हणून नोकरी केली. एमबीबीएसच्या पुढे शिकलो नाही. घरचे म्हणायचे, पुढे शिक, नाहीतर आयुष्यभर खोकल्याच्या बाटल्या वाटशील. तशा पुष्कळ वाटल्या. आता एक गोष्ट सांगतो, ती माझ्या चुकीची आहे.

उजनीच्या कालव्याकडेच्या एका वस्तीवरची बाई माझ्याकडे यायची. साठीच्या पुढची. सगळे तिला आक्का म्हणायचे, मीही म्हणायला लागलो. रक्तदाब १७० वर १०० च्या आसपास. मी अॅम्लोडिपिन सुरू केली. महिन्यानं बघितलं, फरक नाही. दुसरी गोळी जोडली. पुढच्या महिन्यात १६०. मी आवाज चढवला. ‘आक्का, गोळ्या रोज घेताय का?’ तर म्हणाली, ‘घ्येते की साहेब, देवाशप्पत.’ केसपेपरवर मी लिहिलं, ‘गोळ्या नियमित घेण्याचा सल्ला दिला.’ हे वाक्य मी नोकरीत किती हजार वेळा लिहिलं असेल देव जाणे. लिहिलं की आपली जबाबदारी संपली असं वाटतं, एवढाच त्याचा उपयोग.

चार महिने असे गेले. मग डासांच्या अळ्यांचा सर्व्हे करताना आमची माणसं त्या वस्तीवर गेली, त्यांच्याबरोबर मीही गेलो. रांजण, टायर, फ्रिजमागचा ट्रे बघत बघत आक्कांच्या घरात शिरलो. फडताळात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि डब्यात गोळ्यांची पाकिटं. खाटेवर आबा, म्हणजे त्यांचे मालक. पडून खुबा मोडल्यापासून उठत नव्हते. मी पाकीट हातात घेतलं तशी आक्का आपण होऊनच म्हणाली, ‘एक दिस मी घ्येते, एक दिस ह्यास्नी देते. ह्यांचंबी बीपी हायच की. त्यांना दवाखान्यात कशी आणू?’

खरं म्हणजे नवरा-बायकोनं एका पाकिटात संसार चालवला होता आणि मी तिकडे दवाखान्यात बसून डोस वाढवत होतो.

परत येताना आमची आशाताई, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, गाडीत होती. मी विचारलं, तुम्हाला हे ठाऊक होतं? ती म्हणाली, ‘म्हाईत होतं सर. तुमी इचारलं न्हाई.’ हे ती तक्रारीच्या सुरात बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. ती साधंच बोलली. त्या चार महिन्यांत ती निदान चारदा माझ्या टेबलासमोर उभी राहिली होती, तिच्या मानधनाच्या फॉर्मवर सही घ्यायला. मी सही केली होती, वर न बघता.

आता ज्याला जगभर ‘टीम’ म्हणतात त्याला मराठीत काय म्हणावं, याचा मी बरेच दिवस विचार करतोय. ‘पथक’ म्हटलं की दहावीच्या परीक्षेतलं भरारी पथक आठवून पोरं खिडकीतून उड्या टाकतात. ‘चमू’ हा शब्द वर्तमानपत्राबाहेर मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. ‘संघ’ म्हणावं तर एक दुधाचा आहे आणि दुसऱ्याबद्दल या व्यासपीठावरून बोलायचं नाही असं संयोजकांनी बजावलंय. मला खरा आवडतो तो ‘टोळी’. ऊसतोडीची टोळी बघा. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो तोडतो, ती मोळी बांधते, भरताना दोघं, आणि कुणाचं काम कुठं संपलं हे कुणाला विचारावं लागत नाही. पण टोळी शब्द पोलिसांनी आधीच घेऊन टाकलाय. तेव्हा टीमच म्हणू.

आपल्या मनात डॉक्टर म्हटला की तो एकटाच असतो. आपण सोलापूर जिल्ह्यातले. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे, त्यांचा आपल्याला केवढा अभिमान. १९३८ मध्ये चीनला भारतातून जी वैद्यकीय तुकडी गेली ती पाचजणांची होती. बाकीच्या चौघांची नावं या सभागृहात कितीजण सांगतील? अटल, चोळकर, बसू, मुखर्जी. चोळकर तर आपल्या नागपूरचे. कोटणीस तिकडेच १९४२ मध्ये गेले, म्हणून त्यांचं नाव राहिलं, हे खरं आणि ते योग्यच. तरी बघा, शांतारामबापूंचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ १९४६ साली पडद्यावर आला, आणि त्याच साली सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल सरकारपुढे आला. सिनेमा लोकांनी डोक्यावर घेतला. अहवाल मात्र कपाटात गेला, आणि टीमचं वर्णन होतं ते अहवालात. भोर समितीनं तातडीची सोय म्हणून सुद्धा चाळीस हजार लोकांमागे दोन डॉक्टर, त्यांच्याबरोबर चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका, चार सुईणी, चार शिकवलेल्या दाया, शिवाय स्वच्छता निरीक्षक, औषधनिर्माता अशी माणसं मागितली होती. हिशोब करा. डॉक्टर दोन आणि बाया बारा. घरात जाणारी माणसं दवाखान्यात बसणाऱ्यांच्या सहापट असावीत, हे १९४६ मध्ये लिहून ठेवलंय.

पुढे १९५२ पासून आरोग्य केंद्रं उघडली, पण घराकडे जाणारी माणसं आजारांनी वाटून घेतली. हिवतापाचा वेगळा, देवीचा वेगळा, कुटुंबनियोजनाचा वेगळा. कुटुंबनियोजनाच्या माणसाला बघून तर लोक मागच्या दारानं शेतात जायचे. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीनं सांगितलं, की एकाच घरी इतकी माणसं कशाला, एकच बहुउद्देशीय कर्मचारी द्या. तेव्हापासून आरोग्य सेवक आणि आरोग्य सेविका ही जोडी आहे. माणसं एक झाली, पण रजिस्टरं वेगळीच राहिली. आमची सिस्टर उपकेंद्रात जेवढी रजिस्टरं ठेवते तेवढी पाटावर रचली तर मूल उभं राहून फडताळातलं लोणचं काढेल. आता ती मोबाइलवर भरायची असतात आणि कागदावरही भरायची असतात.

मग टीम या महाराष्ट्रात कुणी करून दाखवलीच नाही का? दाखवली, आणि फार लांब नाही. इथून, टेंभुर्णीहून, करमाळा ओलांडून पुढे जामखेडला जा. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे आले. सुरुवातीला त्यांनीही आपल्यासारखाच विचार केला होता, की शिकलेल्या नर्सबाई खेड्यात ठेवू. ते जमलं नाही. मग त्यांनी गावातल्याच बाया घेतल्या. कितीतरी दलित, कितीतरी निरक्षर, काहींना नवऱ्यानं टाकलेलं. त्या जामखेडला यायच्या, एकत्र राहायच्या, एकत्र जेवायच्या, शिकायच्या आणि परत जायच्या. गावात डॉक्टर, नर्स, समाजसेवक यांची गाडी आली की ती बाई पुढे, डॉक्टर मागे. कुठल्या घरात शिरायचं आणि कुठलं घर आज टाळायचं हे ती ठरवायची. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडच्या कामाचं नाव निघालं की लोक गावातल्या बाईचं कौतुक करतात, ते बरोबरच आहे. मला त्यातलं जास्त नवल डॉक्टरांच्या मागे चालण्याचं वाटतं. मी तसं चालायला वीस वर्षं घेतली.

पुण्याजवळ वढूला केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजींनी, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी अशीच वाट काढली. गडचिरोलीच्या आरोग्यदूत बायांनी घरीच नवजात बाळ तपासलं, गुंडाळलं, गरज पडली तर सुई दिली, आणि बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं, आणि बाळंतिणीच्या घरी आशाताई ज्या फेऱ्या घालते त्या तिथूनच आल्या. पण ही झाली संस्थांची कामं. ‘ते त्यांना जमतं, सरकारी दवाखान्यात कसं जमेल?’ हा प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी विचारला जातो. त्याचं उत्तर साताऱ्यात आहे.

२०१७ च्या अखेरीस देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू झाला. पहिल्या जिल्ह्यांत महाराष्ट्रातले चार होते : सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा. नवीन औषध काही नाही. जुन्याच स्वस्त गोळ्या. पण कुठली गोळी कधी, किती, नाही उतरलं तर पुढे काय, याची एकच पायरी-पायरीची चौकट ठरली, म्हणजे प्रत्येक डॉक्टरची वेगळी तऱ्हा नको. गोळ्या एका वेळी महिनाभराच्या द्यायच्या. रक्तदाब मोजायचा नर्सनं. पुढच्या गोळ्या घरापासच्या उपकेंद्रात. जो आलाच नाही त्याला फोन करायचा, नाहीतर घरी जायचं. डॉक्टरसमोर फक्त तो, ज्याचा आकडा ऐकत नाही. आणि गंमत अशी, की मोठ्या इस्पितळापेक्षा गावाजवळच्या छोट्या केंद्रांत रक्तदाब आटोक्यात राहण्याचं प्रमाण चांगलं दिसलं. ज्यांनी केंद्रात काम केलंय त्यांना यात गंमत वाटणार नाही. मोठ्या इस्पितळात तुम्ही आला नाहीत हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

याची गरज किती, तेही सांगतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीत देशातल्या दर शंभर प्रौढांत साडेपस्तीसजणांना उच्च रक्तदाब निघाला, आणि मधुमेही १० कोटींच्या वर. एका प्राथमिक आरोग्य केंद्रामागे नियमानं तीस हजार लोक धरतात. त्यात वीस हजार प्रौढ धरा. देशाचं प्रमाण इथे जसंच्या तसं लागू होईल असं नाही, पण अंदाजापुरतं लावलं तर सात हजार माणसं होतात. प्रत्येकाला महिन्यातून एकदा डॉक्टरपुढे बसवायचं म्हटलं तर पंचवीस दिवसांत रोज दोनशे ऐंशी. हा फक्त बीपीचा हिशोब झाला. ताप, कुत्रा, विंचू, बाळंतपण, हायवेवरचा अपघात, पोस्टमॉर्टेम आणि कुणा पुढाऱ्याच्या दौऱ्याची अॅम्ब्युलन्स ड्युटी वेगळीच. माझी सकाळची ओपीडी तीन तासांची आणि केसपेपर शंभर. म्हणजे एकाला दोन मिनिटंसुद्धा नाहीत. त्यातही अर्धा मिनिट पेशंट ‘सलाईन लावा’ म्हणतो आणि अर्धा मिनिट मी नको म्हणतो.

ब्राझीलनं १९९४ मध्ये याच प्रश्नाला हात घातला. एक डॉक्टर, एक नर्स, एक-दोन मदतनीस आणि चार ते सहा गावकरी आरोग्य कार्यकर्ते अशी एक टीम, आणि तिला ठरावीक घरं, हजारेक कुटुंबं. ही घरं तुमची. या घरांतलं बाळ, म्हातारा, दारूडा, गरोदर पोर, सगळं तुमचं. कार्यकर्ता त्याच वस्तीत राहणारा हवा, आणि त्यानं दर महिन्याला प्रत्येक घरी जायचं, आजारी असो नसो. जवळचं उदाहरण केरळचं. २०१७ पासून ‘आर्द्रम’ मोहिमेत त्यांनी प्राथमिक केंद्रांची कुटुंब आरोग्य केंद्रं केली. ओपीडी संध्याकाळी सहापर्यंत. डॉक्टरच्या आधी नर्स बसते, वजन, रक्तदाब, विचारपूस तीच करते. नैराश्यासाठी ‘आश्वासम’ नावाची वेगळी सोय केली. केरळची बरोबरी आपण लगेच करू असं मी म्हणत नाही. पण रोजगारावर गेलेल्या माणसाला बारा वाजता बंद होणारा दवाखाना उपयोगाचा नाही, एवढं कळायला मल्याळम यावं लागत नाही.

आणि तुम्ही म्हणाल आपल्याकडे माणसं कुठं आहेत. काही जागा रिकाम्या असतात, खरंय. तरीही मोजा. २००५ नंतर आशा आली. २०१८ नंतर उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आले. आरोग्य सेविका, आरोग्य सेवक आधीपासून. गटप्रवर्तक आहे, औषधनिर्माता आहे, लॅबवाला आहे. २०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली तेव्हा तिघातिघांच्या तुकड्या रोज पन्नास घरं करत होत्या, हातात ऑक्सिमीटर आणि कपाळावर रोखायची ती थर्मामीटरची बंदूक. कोमॉर्बिड कोण, याची घरवार यादी महाराष्ट्रात तेव्हा झाली. म्हणजे आमच्या माणसांना घर कळत नाही असं नाही. मोहीम संपली, यादी वर गेली. वर गेलेली यादी खाली येत नाही.

एका केंद्रात मी बदली होईपर्यंत दोन वर्षं एक प्रयोग केला. तसा हुकूम कुणी काढला नव्हता. शनिवारी ओपीडी आटोपली की दोन वाजता सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसायचं, तासभर. पहिल्या शनिवारी सगळे आपापली रजिस्टरं काखोटीला मारून आले. एका सिस्टरनं घाबरत विचारलं, ‘सर, आढावा आहे का?’ आमच्या खात्यात माणसं एकत्र बसतात ती आढाव्यालाच, आणि आढावा म्हणजे कुणाचं टार्गेट किती राहिलं. मी रजिस्टरं बाहेर ठेवायला लावली. नियम दोनच केले. आधी आशा बोलणार, डॉक्टर सगळ्यात शेवटी. आणि आकडा सांगायचा नाही, घर सांगायचं.

तीन शनिवार कुणी काही बोललं नाही. चहा पिऊन उठलो. चौथ्या शनिवारी एक आशाताई म्हणाली, आमच्याकडं एका घरात सासूला शुगर हाय, सून पाच महिन्यांची आणि पोरगा मुंबईला. सासू जेवत न्हाई कारण सूनबाई भाताशिवाय काही करत न्हाई, आणि सूनबाईंचं रक्त कमी हाय. मग आरोग्य सेवक म्हणाला, त्या घरचं पाणी मी तपासलंय, बोअरचं आहे. औषधनिर्माता म्हणाला, ती सासू लोहाच्या गोळ्या घेऊन जाते, स्वतःसाठी म्हणून. म्हणजे सुनेला देते तर. या एका घराच्या चार चिठ्ठ्या आमच्या चार रजिस्टरांत चार ठिकाणी होत्या. त्या पहिल्यांदा एका टेबलावर आल्या. त्या घरी काय करायचं ते ठरायला सात मिनिटं लागली, आणि मी त्यात बोललो ते एकच वाक्य. इन्सुलिनचं.

पुढे वरच्या एका कार्यालयातून विचारणा आली, की ही बैठक कुठल्या हेडखाली घेता आणि चहाचा खर्च कशातून. चहा मी देत होतो. हेड मला आजही सांगता येणार नाही.

टीम म्हटली की सगळं गोड होतं असं मात्र समजू नका. आमच्याकडून एकदा वाईट घडलं. एका सुनेनं सिस्टरकडून पाळणा लांबवायच्या गोळ्या घेतल्या होत्या, घरात कुणाला न सांगता. ते आमच्या टेबलावर आलं. टेबलावरून नळावर गेलं. तिथून सासूकडे. त्या पोरीला माहेरी पाठवलं. आशाताई गावातलीच असते, कुणाची तरी जाऊ, कुणाची तरी नणंद. तिला घर कळतं ते त्यामुळेच, आणि घरच्यांनी तिला घाबरावं तेही त्यामुळेच. मग आम्ही ठरवलं, की काही गोष्टी नावानं बोलायच्या नाहीत, आणि काही फक्त ती बाई आणि सिस्टर या दोघींतच राहतील, मलाही नकोत. डॉक्टरला ‘तुम्हाला हे कळणार नाही’ असं सांगायची पाळी सिस्टरवर आली आणि तिनं ते सांगितलं, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आता ही टीम झाली.

जातीचंही बोललं पाहिजे. आशा कुठल्या घरची आहे त्यावर तिला ओट्यावर बसवतात की स्वयंपाकघरापर्यंत जाऊ देतात हे अजूनही ठरतं. जामखेडच्या बायांनी पन्नास वर्षांपूर्वी जे सोसलं ते संपलेलं नाही, फक्त कुणी उघड बोलत नाही. आणि पैशाचं. आशाच्या कामाला कामागणिक दर आहे. बाळंतपणाला नेलं की इतके, लसीकरण पूर्ण झालं की इतके. म्हातारीच्या खाटेजवळ अर्धा तास बसून ऐकण्याला दर नाही. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांचा गौरव केला. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात आपल्या राज्यातल्या आशा संपावर होत्या.

आता शेवटचा, आणि मला सगळ्यात टोचणारा भाग. आपल्या भागातले साखर कारखाने पेटले की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. फडाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. ती कुटुंबं कुणाची? त्यांच्या गावची आशा म्हणते, ती गावात नाहीत. इथली आशा म्हणते, ती माझ्या यादीत नाहीत. २०१९ मध्ये शासनाच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. कंबर दुखते, अंगावरून पांढरं जातं, पाळीत खाडा झाला तर मजुरी बुडते, आणि कुणीतरी ‘कॅन्सर होईल’ म्हणून भीती घालतं. ज्या बाईला विचारायला जवळचं कुणी नाही तिच्यापुढे ऑपरेशनचं टेबलच पहिला डॉक्टर म्हणून येतं.

आणि हे ज्या पट्ट्यात घडलं त्याच पट्ट्यात उलटंही घडलेलं आहे. बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. खेड्यातल्या कर्करोगाची नोंदवही तिथे १९८७ पासून ठेवली जाते. पुढे शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, ज्याला आता धाराशिव म्हणतात, तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. बायांना समजावून गावातल्याच तपासणी शिबिरात आणलं आणि नमुने घेतले ते शिकवलेल्या नर्सबायांनी. डॉक्टर पुढच्या टप्प्याला. २००९ मध्ये निष्कर्ष आले, की एचपीव्हीची एकच तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. जगातल्या कितीतरी देशांनी त्या अभ्यासाकडे बघून आपली धोरणं आखली. ‘कॅन्सर होईल’ या भीतीचं खरं उत्तर इथून तासा-दीड तासाच्या अंतरावर तयार होतं, आणि आमच्या फडातल्या बाईपर्यंत आली ती फक्त भीती.

म्हणून टेंभुर्णीत किंवा आसपास कुठेही हे सुरू करायचं ठरलं तर माझं एकच मागणं आहे. टीमची घरं मोजताना मतदारयादी हातात घेऊ नका. आज रात्री या हद्दीत ज्याची चूल पेटली आहे ते घर आपलं. भीमानगरच्या पाण्याकाठचं मासेमाराचं पाल आपलं, एमआयडीसीतली भाड्याची खोली आपली, कोपीही आपलीच. मार्चअखेर ती उठून गेली तर त्यांच्या हातात एक कार्ड द्या आणि गावाकडच्या सिस्टरला फोन करा. फोनला हेड लागत नाही.

आक्कांचं राहिलं. त्या सर्व्हेनंतर आबांचा वेगळा केसपेपर काढला, ते न येताच. सिस्टरनं महिन्यातून एकदा वस्तीवर जाऊन दोघांचं बीपी बघायला सुरुवात केली. पण गोळ्यांची सरमिसळ होत होती, दोघांना वाचता येत नव्हतं आणि पाकिटं सारखीच दिसायची. एका फेरीत आशाताईनं पोलिओच्या पिशवीतला उरलेला खडू काढला. आतल्या भिंतीला दोन खिळे ठोकले. एका खिळ्याच्या वर खडूनं टोपी काढली, दुसऱ्याच्या वर वाटोळं कुंकू. टोपीखाली आबांची पिशवी आणि कुंकवाखाली आक्कांची. पुढच्या महिन्यात आक्कांचा रक्तदाब १४० च्या खाली आला. वाढवलेली दुसरी गोळी मी बंद केली.

आबा तीनेक वर्षांनी गेले. मी नंतर एकदा त्या बाजूनं चाललो होतो तर आत डोकावलो. आक्कांनी घर नुकतंच सारवलं होतं. टोपीभोवतालची वीतभर जागा सोडून.